वाटप, रांग आणि नाटक : पूरग्रस्तांच्या छावणीतल्या प्रकल्प नोंदी

आम्ही नऊ जण. चौघं नाटकातले, तिघांनी आधी मदतकार्य केलेलं, एक नर्स आणि हिशेब ठेवणारा मी. पुरानंतरच्या छावणीत मदतवाटप आणि नाटक एकत्र करायचं, असं ठरवून गेलो होतो. ‘एकत्र’ म्हणजे नेमकं काय, हे मात्र कुणी कुणाला विचारलं नव्हतं. असलं काम दुसरं कोणी अंगावर घेणार असेल तर आमचे वाया गेलेले दिवस निदान त्यांचे तरी वाचावेत, म्हणून रोज रात्री लिहिलेल्या या नोंदी तशाच ठेवल्या आहेत. नंतर घातलेली भर कंसात आहे.

दिवस १

पाहणी. तीन इमारती, ६४० माणसं, दोन नळ, नऊ संडास. मदतकार्याचे किमान निकष सांगणारी ‘स्फिअर’ची पुस्तिका सोबत होती. तिच्या हिशेबाने एका नळामागे जास्तीत जास्त २५० माणसं आणि माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी. म्हणजे एक नळ कमी. संडास सुरुवातीच्या दिवसांत ५० माणसांमागे एक आणि मग लवकरात लवकर २० माणसांमागे एक. इथे ७१ माणसांमागे एक. आकडे लिहून छावणी समितीला कागद दिला. त्यांनी घडी घालून खिशात ठेवला.

नाटकवाले दिवसभर नुसते फिरत होते. कुणाशी बोल, कुठे बस. मला ती चैन वाटली. (भर: आणखी दोन दिवस सगळ्यांनीच असं फिरायला हवं होतं.)

दिवस २

आख्खा दिवस जुन्या कपड्यांनी खाल्ला. आवाहन करताना आम्ही ‘जे असेल ते द्या’ असं लिहिलं होतं. लोकांनी जे होतं ते दिलं. ओले, विटलेले, एका पायाचे मोजे, लग्नातला कोट, बटणं नसलेले सदरे. सहा जणांनी आठ तास निवडलं, कामाचे निघाले जेमतेम चौथा हिस्सा. बाकीचं ठेवायलाही जागा नाही आणि टाकायलाही लाज वाटते.

पुढच्यांसाठी : आवाहनात काय हवं याच्याआधी काय नको ते लिहा.

दिवस ४

पहिलं वाटप आणि पहिलं पथनाट्य. भोंग्यावरून सांगितलं, ‘नाटक संपल्यावर वाटप होईल.’ त्यामुळे गर्दी झाली, मैदान भरलं. विषय स्वच्छतेचा, प्रयोग चाळीस मिनिटांचा. लोक जागचे हलले नाहीत, प्रत्येक प्रवेशाला टाळ्या पडत होत्या. दिग्दर्शक खूश.

शेवटच्या गाण्याच्या वेळी मी मागे, सामानापाशी उभा होतो. पुढ्यात एक आजी बसल्या होत्या. त्यांनी मान वळवून मला विचारलं, “अजून किती वेळ रे? टाळ्या कमी पडल्या का?”

त्यांनी चिडून विचारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांना खरोखरच माहिती हवी होती.

दिवस ५

सकाळी आपसात भांडण. दिग्दर्शकाचं म्हणणं, एवढा प्रेक्षक पुन्हा मिळणार नाही. नर्सताईंचं म्हणणं, उन्हात बसवून ठेवलेल्या माणसाला प्रेक्षक म्हणत नाहीत. दोन तास वाजलं. शेवटी ठरलं ते असं : वाटप सकाळी, पहिल्या इमारतीच्या व्हरांड्यात. नाटक संध्याकाळी, तिसऱ्या इमारतीच्या मागे. एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. नाटकाला आलेल्याला जास्त काही मिळणार नाही, न आलेल्याचं काही कापलं जाणार नाही. हे भोंग्यावरून तीनदा सांगितलं.

संध्याकाळी ३१ जण आले, त्यातली वीस पोरं. दिग्दर्शक रात्री जेवला नाही.

दिवस ७

आज ढोल बंद केला. आमचा शिरस्ता असा की आधी ढोल वाजवत छावणीभर फिरायचं, मग खेळ. तीन दिवस वाजवला. आज पहिल्या इमारतीच्या कोपऱ्यावर एक सात-आठ वर्षांचा मुलगा कानावर हात दाबून भिंतीला चिकटला. त्याच्या मावशीने सांगितलं, पुराच्या रात्री लोकांना उठवायला असाच पत्रा बडवत माणसं फिरली होती. दोन-तीन घरांत चौकशी केली तेव्हा कळलं, ढोल वाजला की तिथली पोरं सामान गोळा करायला लागतात.

तीन दिवस आम्ही रोज संध्याकाळी इशाऱ्याचा पत्रा बडवत होतो.

आता बोलवायला दोघी जणी जातात, दारादारात थांबून सांगतात. वेळ दुप्पट लागतो. ढोल गाडीत.

दिवस ९

ही नोंद लांबणार आहे, कारण आजची चूक जिवावर बेतली असती.

पाणी शुद्ध करायच्या क्लोरीनच्या गोळ्या आम्ही घरटी वाटलेल्या मदतीच्या संचात दिल्या होत्या. पट्टीत बसवलेल्या, पांढऱ्या, दिसायला थेट तापाच्या गोळीसारख्या. त्या कशा वापरायच्या हे सांगणारं गाणं नाटकात होतं :

गोळी घ्या, पाणी घ्या,
रोगराईला रजा द्या.

चाल सोपी, पोरांच्या तोंडी लगेच बसलं. आज सकाळी दुसऱ्या इमारतीतले एक आजोबा नर्सताईंकडे आले. म्हणाले, दोन दिवस गोळी घेतोय, पोटात आग पडते. कुठली गोळी? त्यांनी पट्टी काढून दाखवली. गाण्यात सांगितलं तसंच केलं होतं त्यांनी. गोळी घेतली, वर पाणी घेतलं.

त्यांना ताबडतोब डॉक्टरांकडे नेलं. दुपारपर्यंत तिथेच ठेवलं, सुदैवाने काही बिघडलं नाही. आम्ही सगळी कामं टाकून खोली-खोली फिरलो. आणखी एका बाईंनी तापलेल्या पोरासाठी गोळी राखून ठेवली होती. ‘घ्या’ हा शब्द गोळीपुढे आला की मराठीत त्याचा एकच अर्थ होतो, हे गीतकाराला, दिग्दर्शकाला, मला, कुणालाच सुचलं नव्हतं. तालमीत आठ जणांनी ते गाणं पन्नासदा म्हटलं असेल.

नवं कडवं नर्सताईंनी उभ्या उभ्या केलं :

गोळी बादलीत, पोटात नाही!
अर्धा तास थांब, घाई नाही!

यमक मोडकं आहे, दिग्दर्शकाने नाक मुरडलं. पण आता कलाकार गाताना खरी बादली समोर ठेवतो, सगळ्यांदेखत गोळी टाकतो, झाकण लावतो आणि अर्धा तास होईपर्यंत झाकण उघडू देत नाही. मधल्या वेळात बाकीचा खेळ चालतो. पोरं घड्याळ बघत बसतात. पाणी गढूळ असेल तर आधी फडक्याने गाळायचं, हेही करूनच दाखवतो, सांगत नाही.

याच फेरीत दुसरी चूक सापडली, ती माझी. गोळ्या मागवल्या २० लिटरला एक या मापाच्या आणि संचातली बादली होती १० लिटरची. दोन वेगळ्या दिवशी, दोन वेगळ्या याद्यांवरून मागवलेल्या वस्तू. म्हणजे क्लोरीन दुप्पट. पाण्याला इतका वास की लोक बादली ओतून देत होते आणि नळाचं तसंच पीत होते. शुद्ध केलेल्या पाण्यात क्लोरीन लिटरला ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम उरायला हवं. नर्सताईंनी तपासायच्या नळीत रंग बघितला आणि न बोलता नळी माझ्या हातात दिली.

उपाय : झाकणाचे, तोटीचे २० लिटरचे कॅन, घरटी एक. ते यायला चार दिवस लागणार. तोवर समितीच्या मोठ्या पिंपात आम्हीच मापाने पाणी शुद्ध करून देणार. कॅनसाठी पैसे काढले ते ध्वनियंत्रणेसाठी राखून ठेवलेले. (भर: माईक नाही म्हणून पुढे काहीही अडलं नाही.)

दिवस १२

बाहुल्या. कागदाच्या लगद्याचे मुखवटे केले होते, दमट हवेत पाच दिवसांत वाळले नाहीत, सहाव्या दिवशी बुरशी. टाकले. त्याऐवजी मोज्यांच्या बाहुल्या. मोजे अर्थातच दिवस २ च्या ढिगातले. डोळ्यांना त्याच ढिगातली बटणं.

कॅन अजून आले नाहीत.

दिवस १५

कॅन परवा आले, वाटून झाले. आज फोरम थिएटरचा पहिला प्रयत्न. फसला.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी एवढंच : ब्राझीलच्या ऑगस्तो बोआल यांनी १९७० च्या दशकात घडवलेली ही पद्धत आहे. एक प्रसंग वाईट शेवटापर्यंत दाखवायचा. मग तोच पुन्हा सुरू करायचा. प्रेक्षकांतल्या कुणालाही ‘थांबा’ म्हणता येतं आणि ज्याच्यावर अन्याय होतोय त्या पात्राच्या जागी उभं राहून वेगळं काहीतरी करून बघता येतं. दोन्हीकडचा दुवा म्हणजे सूत्रधार, त्याला ‘जोकर’ म्हणतात.

आम्ही विषय घेतला दारूचा. आमच्याकडे तो बसवलेला तयार होता, एवढंच कारण. नवरा मदतीतली वस्तू विकून पितो, असा प्रसंग. पाचव्या मिनिटाला लोक हसायला लागले. आम्हाला वाटलं, रंगतंय. ते हसत होते मागच्या रांगेतल्या एका माणसाकडे वळून वळून. आमचा नट नकळत अगदी त्याच्यासारखा दिसत होता, खांद्यावरचा पंचासुद्धा तसाच. त्या माणसाची मुलगी पुढे पोरांत बसली होती. ती उठून गेली.

प्रयोग तिथेच थांबवला. रात्री मी आणि दिग्दर्शक त्यांच्या खोलीवर माफी मागायला गेलो. ते म्हणाले, “चालायचंच.” मुलीने आमच्याकडे बघितलं नाही.

जोकरचंही चुकलं. तो वीस मिनिटं एकटाच बोलत होता. ‘थांबा’ म्हणायला कुणाला फटच मिळाली नसती.

तयार संहिता छावणीत न्यायची नाही. हे आम्ही वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं.

दिवस १६ ते १८

छावणीतल्या पाच जणांना बरोबर घेऊन नवा प्रसंग बसवला. तीन बाया, दोन पुरुष. संहिता नाही. विचारलं, इथे आल्यापासून सगळ्यात जास्त राग कशाचा आला? आम्हाला वाटलं पाणी म्हणतील, संडास म्हणतील. पाचही जण थोडा वेळ गप्प. मग एकीने विचारलं, “तुमच्याबद्दल सांगितलं तर चालेल?”

दिवस १९

प्रसंग : वाटपाची रांग.

टेबलामागे वही घेऊन बसलेला माणूस म्हणजे मी. माझं काम आमच्याच नटाने केलं. चष्मा कपाळावर, मान खाली, आणि दर मिनिटाला “पुढचे!” लोक पोट धरून हसले. मी असा ‘पुढचे’ म्हणतो हे मला माहीत नव्हतं.

रांगेत एक बाई येते.
“कुटुंबप्रमुखाचं नाव?”
ती आपलं नाव सांगते.
“तुमचं नाही. कुटुंबप्रमुखाचं.”
“तेच सांगतेय.”
“यादीत नाही. दिराच्या नावावर संच गेलाय. पुढचे!”

इथे हसू थांबलं.

पुन्हा सुरू केलं. जोकर आज मोजकंच बोलत होता. पहिला ‘थांबा’ एका तरुणाचा. त्याने बाईच्या जागी उभं राहून टेबलावर हात आपटला, आरडाओरडा केला, दोन स्वयंसेवकांनी त्याला रांगेबाहेर काढलं. तो हसत जागेवर जाऊन बसला, पण म्हणाला, “खरंच असंच होतं.” दुसरे एक काका. ते म्हणाले, मी तिच्या वतीने घेऊन देतो. जोकरने बाईचं काम करणारीला विचारलं, चालेल? ती म्हणाली, “म्हणजे परत दुसऱ्याच्याच हातात गेलं की.” काका विचारात पडून खाली बसले.

मग पन्नाशीच्या एक काकू उठल्या. त्या बाईच्या जागी गेल्याच नाहीत. सरळ टेबलाला वळसा घालून आल्या आणि नटाला म्हणाल्या, “ऊठ.” म्हणजे माझ्या जागी. नियमाने हे चालत नाही, जागा बदलायची ती सोसणाऱ्याची. जोकरने माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली. काकू बसल्या, वही पुढे ओढली आणि रांगेतल्या बाईला एकच प्रश्न विचारला :

“तुझी चूल वेगळी का एकत्र?”
“वेगळी.”
“मग लिही हिचं नाव. पुढचे!”

काकूंनीही ‘पुढचे’ अगदी माझ्यासारखंच म्हटलं.

रात्री वही काढून बसलो. कुटुंबांची यादी आम्ही समितीकडून तयार घेतली होती. ती कुणी, कधी, कशावरून केली हे विचारलंच नव्हतं.

दिवस २१

नवी यादी चुलीवरून. सात जण, दोन दिवस. जुन्या यादीत ११८ कुटुंबं होती, चुली निघाल्या १४१. म्हणजे २३ घरांना पहिल्या वाटपात काहीच मिळालं नव्हतं किंवा मिळालं ते दुसऱ्याच्या हातून, त्याच्या मर्जीने. नवऱ्याने टाकलेल्या, विधवा, सुनेशी पटत नाही म्हणून वेगळं शिजवणाऱ्या सासवा, दोन एकटे म्हातारे.

चार-पाच घरांनी चूल वेगळी असल्याचं खोटं सांगितलं, हे आम्हाला कळलं होतं. सोडून दिलं. त्यांना उघडं पाडण्यात जो दिवस गेला असता तो पाच संचांहून महाग होता. गटातल्या दोघांना हे अजूनही पटलेलं नाही.

समिती नाराज. एक सदस्य म्हणाले, नाटकवाल्यांनी लोकांना चढवलं. त्यांच्याशी वाद घालण्याऐवजी नवी यादी त्यांच्याच हस्ताक्षरात लिहून घेतली. याला दुपार गेली, पण यादी टिकली.

दिवस २४

फोटो. एका देणगीदाराला संच घेताना रडणाऱ्या, निदान केविलवाण्या दिसणाऱ्या मुलांचे फोटो हवे होते. शब्द त्यांचे नव्हेत, पण नमुना म्हणून पाठवलेली चित्रं तशीच होती. आम्ही नाही म्हटलं. रेडक्रॉस आणि रेड क्रिसेंट चळवळीच्या १९९४ च्या आचारसंहितेतलं दहावं कलम याबद्दलच आहे : प्रसिद्धी करताना आपत्तीग्रस्तांना प्रतिष्ठा असलेली माणसं म्हणून दाखवायचं, हताश वस्तू म्हणून नाही. ते कलम उतरवून पाठवलं. सोबत कॅनच्या थप्पीचा फोटो आणि नावं झाकलेलं वहीचं पान.

(भर: पैशांचा दुसरा हप्ता अकरा दिवस अडकला. त्यामुळे २३ जादा संचांपैकी नऊ उधारीवर आणावे लागले. आम्ही बरोबर होतो, पण त्याची किंमत आम्ही नव्हे, त्या नऊ घरांनी चार दिवस वाट बघून मोजली.)

दिवस २८

हिशेब, शंभर भाग धरून :

संच, कॅन, साबण : ५८
गाडीभाडं : २१
आमचं राहणं-जेवण : ९
नाटक, बाहुल्या, तालमी : ५
छपाई : ३
निव्वळ वाया : ४

गाडीभाड्याचा आकडा बघून मलाच धक्का बसला. तीन फेऱ्यांत आलं असतं ते सामान सात फेऱ्यांत आलं, कारण मागणी एकत्र केली नाही. ‘वाया’मध्ये मुख्यतः साबण. एका फेरीत ताडपत्री नव्हती, पावसात खोकी भिजली. छपाई तशी वायाच म्हणायची. बारीक अक्षरातली पत्रकं लोकांनी फळ्यांवर अंथरली. नाटकाला एवढा कमी खर्च कसा, असं विचारणाऱ्यांसाठी : मोजे फुकट होते.

दिवस ३१

बायकांनी मागणी केली, आमचा एक प्रयोग पुरुषांशिवाय ठेवा. ठेवला. आमच्यातले पुरुष मैदानापलीकडे जाऊन बसले, म्हणून ही नोंद नर्सताईंच्या सांगण्यावरून. विषय रात्रीचा संडास. दुपारनंतर बऱ्याच जणी पाणीच पीत नाहीत, म्हणजे रात्री जायला लागू नये. आम्ही महिनाभर पाण्याची गाणी गात होतो.

तिथे दिवा नाही आणि आतून कडी नाही. नऊपैकी पाच संडास पुरुषांना, चार बायकांना. स्फिअरचा निकष बायकांसाठी तिप्पट म्हणतो.

हे समितीपुढे कसं मांडायचं? उघड बोलायला कुणी तयार नाही. मोज्यांच्या बाहुल्या काढल्या. पडद्यामागे हात बायांचे, आवाज बदललेले, कोण काय बोललं ते कळायला मार्ग नाही.

दिवस ३३

बाहुल्यांचा खेळ समितीपुढे झाला. बारा मिनिटं. पिवळ्या मोज्याची बाई रात्री तीन वाजता दुसरीला सोबतीला उठवते, दुसरी तिसरीला, असं करत सात मोजे रांगेने निघतात आणि शेवटचा मोजा विचारतो, “आतून दार धरायला कोण?” समितीतले एक जण हसले, मग खाली बघायला लागले. दोन संडास बायकांकडे द्यायचं तिथेच ठरलं. आता सहा आणि तीन.

कड्या दिवसभरात बसल्या. सगळ्या प्रकल्पातलं सर्वांत स्वस्त काम, आणि ते तिसाव्या दिवसानंतर झालं.

दिव्याचं अर्धं झालंय. पुढच्या बाजूला लागला. मागच्या बाजूला तार बारा फूट कमी पडली. तार मोजायला सांगितलेला माणूस मीच. उद्या सकाळी गाडी येतेय तिच्यातून मागवली आहे. तोवर आज रात्री मागच्या वाटेवर कंदील घेऊन पाळीपाळीने बसायचं ठरलंय. पहिली पाळी त्या रांगेतल्या काकूंची आहे, त्यांनी स्वतःच मागून घेतली.